सोडियम सल्फेटच्या पाण्यातून सोडियम का निघत नाही? (बारावी, विद्युत अपघटन)

द्राक्षबाग
शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार. मुलगा बारावी सायन्सला आहे. आम्ही तासगावकडचे, घरची द्राक्षाची बाग. मी स्वतः कॉमर्सची, त्यामुळे त्याच्या केमिस्ट्रीत माझी फारशी मदत होत नाही. पण परवा त्याचा पेपर पाहिला आणि मलाच प्रश्न पडला.

सहा द्रावणं दिली होती: मिठाचं संपृक्त द्रावण, सोडियम सल्फेट, सिल्व्हर नायट्रेट, झिंक सल्फेट, कॉपर सल्फेट ग्रॅफाइटच्या कांड्या घालून, आणि तेच कॉपर सल्फेट तांब्याच्या पट्ट्या घालून. प्रत्येकात वीज सोडली तर कुठल्या टोकाला काय मिळेल ते लिहायचं. त्याने पहिल्या दोन्हीत कॅथोडला 'सोडियम' लिहिलं आणि दोन्हीचे मार्क गेले. त्याचं म्हणणं असं, की वितळलेल्या मिठातून सोडियम आणि क्लोरीन मिळतात हे पुस्तकातच आहे. मग तेच मीठ पाण्यात विरघळवलं तर सोडियम जातो कुठे? शेवटची दोन तर त्याला एकसारखीच वाटली.

क्लासमध्ये एक तक्ता पाठ करायला दिलाय. पाठ करूनही तो चुकतोय. कोणी मुळापासून सांगेल का?

फळा_खडू
शनिवार, रात्री १०.३५

ताई, मी ज्युनियर कॉलेजला एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हा धडा शिकवायला मला सगळ्यात जास्त आवडायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलाला शेजारी बसवून वाचा.

त्याने भांड्यात सोडियम पाहिला, सल्फेट पाहिलं. पाणी पाहिलं नाही. सगळी गडबड तिथेच आहे. एक लिटर पाण्यात पाण्याचे साधारण ५५ मोल असतात (मोल म्हणजे कण मोजायचं माप, डझनासारखं, फक्त फार मोठं). म्हणजे एक मोलर, लिटरमागे एक मोल, मिठाच्या द्रावणात एका सोडियम आयनामागे पाण्याचे पन्नासहून जास्त रेणू उभे आहेत, आणि पाणी स्वतः इलेक्ट्रॉन घेऊही शकतं, देऊही शकतं. मीठ वितळवलं तेव्हा भांड्यात पाणी नव्हतं. इलेक्ट्रॉन घ्यायला सोडियमशिवाय कोणीच नव्हतं, म्हणून त्याला घ्यावाच लागला. पाणी आलं की स्पर्धा आली.

ऋणाग्रावर, म्हणजे कॅथोडवर, बॅटरी इलेक्ट्रॉन ढकलत असते. तिथे प्रश्न एवढाच: इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज कोण घेईल? यासाठी प्रमाण क्षपण विभवाचा तक्ता असतो, म्हणजे कोण इलेक्ट्रॉन किती सहज घेतं त्याचे व्होल्टमधले आकडे. सोडियमचा आकडा −२.७१ व्होल्ट. पाण्याचा, द्रावण उदासीन असेल तर, सुमारे −०.४१. आकडा जितका वरचा तितकं घेणं सोपं. इथे पाणी दोन व्होल्टपेक्षा जास्त अंतराने जिंकतं. म्हणून हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि मागे हायड्रॉक्साइड राहतं. सोडियम आयन जागच्या जागी, पाण्यातच. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांचंही हेच. पाण्यातून यांतला एकही धातू साध्या कांडीवर मिळत नाही. उलट तांबं +०.३४ आणि चांदी +०.८०. हे पाण्याच्या कितीतरी वर, म्हणून तिथे धातू बसतो.

धनाग्रावर, म्हणजे ॲनोडवर, उलटा प्रश्न: इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज कोण सोडेल? इथे मुलं ऋणायन आणि पाणी असे दोनच उमेदवार लिहितात. तिसरा उमेदवार ती कांडीच असू शकते, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

सल्फेटमधलं गंधक आधीच +६ ला पोचलेलं आहे, त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. नायट्रेटमधल्या नायट्रोजनचंही तसंच, तो +५ ला. म्हणून सोडियम सल्फेटमध्ये आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये धनाग्रावर पाणीच इलेक्ट्रॉन सोडतं: ऑक्सिजन येतो आणि कांडीजवळ आम्ल तयार होतं. आयोडाइड (+०.५४) आणि ब्रोमाइड (+१.०७) मात्र सहज सोडतात, तिथे आयोडीन आणि ब्रोमीन मिळतात. फ्लोराइडचा आकडा +२.८७. पाण्यासमोर त्याचा नंबर कधीच लागत नाही.

आता त्याची शेवटची दोन. कॉपर सल्फेटमध्ये ग्रॅफाइट असेल तर ऋणाग्रावर तांबं, धनाग्रावर ऑक्सिजन. द्रावणातलं तांबं संपत जातं, निळा रंग फिकट होतो आणि शेवटी भांड्यात सल्फ्युरिक आम्ल उरतं. पट्ट्या तांब्याच्या असतील तर धनाग्राची पट्टीच विरघळते, कारण तांब्याला इलेक्ट्रॉन सोडणं पाण्यापेक्षा सोपं आहे. जितकं तांबं एका पट्टीवरून सुटतं तितकंच दुसरीवर बसतं, म्हणून निळा रंग तसाच राहतो. अशुद्ध तांबं ९९.९९ टक्के शुद्ध करतात ते असंच. त्यातलं सोनं-चांदी विरघळत नाही, ते धनाग्राखाली गाळ म्हणून साचतं.

मिठाचं द्रावण मी मुद्दाम ठेवलंय. तिथे तक्ता फसवतो. त्यावर उद्या.

रात्रीचा_अभ्यास
शनिवार, रात्री ११.२०

सर, मीपण बारावीला आहे. माझ्या तक्त्यात पाण्याचा आकडा −०.८३ आहे, तुम्ही −०.४१ लिहिलाय. यातला कुठला धरायचा? कारण झिंक −०.७६ आहे. −०.८३ धरला तर झिंक बसतं, −०.४१ धरला तर हायड्रोजन येतो. उत्तरच बदलतंय.

फळा_खडू
रविवार, सकाळी ७.०५

शाब्बास. हा प्रश्न मला वर्गात फार थोड्या मुलांनी विचारला.

दोन्ही आकडे खरे आहेत, परिस्थिती वेगळी आहे. −०.८३ हा आकडा हायड्रॉक्साइड एक मोलर असताना, म्हणजे पीएच १४ ला. पीएच ७ ला तो −०.४१ होतो आणि पीएच ० ला बरोबर शून्य. पीएच एकाने वाढला की आकडा ०.०५९ व्होल्टने खाली सरकतो, सात पायऱ्या गुणून बघ. धनाग्राकडेही असंच आहे: पाण्यापासून ऑक्सिजनचा +१.२३ हा आकडा पीएच ० चा, पीएच ७ ला तो +०.८२. मीठ किंवा सोडियम सल्फेट घातलेलं पाणी साधारण उदासीन, म्हणून तिथे ७ चे आकडे धरायचे.

आता झिंक. ७ चा आकडा धरलास तर हायड्रोजन जिंकायला हवा. आम्ल घातलं तर हायड्रोजन आणखी पुढे. आणि तरीही जगातलं बहुतेक जस्त आम्लाच्या द्रावणातूनच वीज सोडून काढतात. म्हणजे तक्त्यात नसलेलं काहीतरी इथे काम करतंय. या धंद्यातलं कोणी वाचत असेल तर लिहा.

सेलहाउस
रविवार, सकाळी ११.४५

सर, मी लिहितो. राजस्थानात जस्ताच्या कारखान्यात सेल हाउसला, म्हणजे वीज सोडून जस्त काढायच्या टाक्यांच्या विभागात, सोळा वर्षं काढली. मूळ गाव वर्धा.

आमच्या टाकीत लिटरमागे साधारण ५० ते ६० ग्रॅम जस्त आणि दीडशे ते दोनशे ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असतं. इतकं आम्ल, की त्यात जस्ताचा तुकडा टाकला तर तो फसफसत विरघळावा. वीज गेली आणि पत्रे टाकीतच राहिले की बसलेलं जस्त खरंच परत विरघळायला लागतं. त्याच टाकीत वीज चालू असताना ॲल्युमिनियमच्या कॅथोडवर जस्ताचा थर चढतो. एक-दोन दिवसांनी पत्रा बाहेर काढून थर सोलायचा. शंभर इलेक्ट्रॉनांतले साधारण नव्वद जस्ताला जातात, बाकीचे हायड्रोजनला.

कारण असं. तक्ता फक्त सांगतो की कुठली क्रिया ऊर्जेच्या हिशेबाने सोपी. किती वेगाने होईल ते सांगत नाही. हायड्रोजन वायू व्हायचा तर आधी हायड्रोजनचे अणू धातूच्या पृष्ठभागावर चिकटले पाहिजेत, मग दोन एकत्र आले पाहिजेत. प्लॅटिनमवर हे चुटकीसरशी होतं. जस्तावर फार रखडत होतं. रखडणारी क्रिया नीट चालवायला वरून जादा व्होल्टेज द्यावं लागतं, त्याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनसाठी ते पाऊण व्होल्टपेक्षा जास्त लागतं. म्हणजे ०.७६ ची पिछाडी तिथेच भरून निघते.

हे पुस्तकात एका ओळीत येतं, आमचं मात्र अख्खं काम त्या ओळीवर चालतं. द्रावणात कोबाल्ट, निकेल, अँटिमनी, जर्मेनियम यांचा अंश राहिला, काहींच्या बाबतीत तर लिटरमागे मिलिग्रॅमचाही छोटा अंश, तर ते जस्ताच्या थरावर जाऊन बसतात आणि त्या ठिपक्यांवर हायड्रोजन सहज सुटू लागतो. थराला भोकं पडतात, बसलेलं जस्त परत विरघळतं, वीज वाया जाते. म्हणून टाकीत येण्याआधी द्रावणात जस्ताची पूड घालून हे धातू काढून टाकतात. शुद्धीकरण बिघडलं की पहिली खबर आम्हाला लागायची. पत्र्यावरचा थर बघूनच जुने लोक सांगायचे, आज कोबाल्ट वाढलंय.

हिशेबाने जस्त आणि ऑक्सिजन मिळवायला २ व्होल्ट पुरायला हवेत. प्रत्यक्षात प्रत्येक सेलला साडेतीनच्या आसपास लागतात. मधला फरक धनाग्रावरच्या ऑक्सिजनला आणि द्रावणाच्या रोधाला जातो. शिशाच्या धनाग्रावर ऑक्सिजनही रखडतोच.

जुनी_पानं
रविवार, दुपारी १.१५

थोडं अवांतर, पण ताईंच्या मुलाला आवडेल. त्याने केलेली अपेक्षा हम्फ्री डेव्हीनेही केली होती. १८०७ साली लंडनमध्ये त्याने पोटॅशच्या पाण्यातल्या द्रावणातून मोठ्या बॅटरीची वीज सोडली. मिळालं काय, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पोटॅशमध्ये नवा धातू लपलाय अशी त्याला शंका होती, पण पाणी मधे येत होतं. मग त्याने जवळजवळ कोरडं पोटॅश घेतलं, वीज वाहण्यापुरतं हवेतल्या दमटपणाने ओलसर झालेलं. विजेने ते वितळलं आणि ऋणाग्रापाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब आले, काही तिथेच पेटले. तो पोटॅशियम. पुढच्या काही दिवसांत सोडियमही त्याने तसाच काढला.

सरांनी कांडीही उमेदवार असते असं लिहिलंय, त्याचंही जुनं उदाहरण आहे. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यात पितळी तारा घातल्या. एका तारेपाशी हायड्रोजन आला, दुसरीपाशी वायू न येता तारच काळवंडत गेली. तारा प्लॅटिनमच्या घेतल्यावर दुसरीपाशी ऑक्सिजन सुटला.

आणि फ्लोरीन. पाणी असलेल्या द्रावणातून तो निघणं शक्यच नव्हतं. म्वासाँने १८८६ साली निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये पोटॅशियमचा क्षार विरघळवून तो मिळवला.

खाडीकाठ
रविवार, संध्याकाळी ५.३०

सरांनी मीठ बाजूला ठेवलंय ते मी उचलतो, सर रागावणार नाहीत अशी आशा. बारा वर्षं कॉस्टिक-क्लोरीनच्या कारखान्यात आहे.

मिठाच्या द्रावणात धनाग्रावर दोन उमेदवार: क्लोराइड +१.३६ आणि पाणी, पीएच ७ ला +०.८२. सोडणं सोपं पाण्याला. म्हणजे तक्त्यानुसार ऑक्सिजन यायला हवा. आमच्याकडे दिवसरात्र क्लोरीन येतो.

यात तीन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली, थोडा जरी ऑक्सिजन सुटला तरी धनाग्रालगतचं पाणी आम्लधर्मी होतं आणि ०.८२ सरकत सरकत १.२३ कडे जातं. त्यातून आम्ही येणारं मिठाचं पाणी बहुतेक वेळा मुळातच आम्लधर्मी ठेवतो. दुसरी, आमचं मिठाचं पाणी लिटरला ३०० ग्रॅम, म्हणजे पाच मोलरच्या वर. त्यामुळे क्लोरीनचा आकडा १.३२ च्या आसपास उतरतो. अंतर आता व्होल्टच्या दहाव्या हिश्शावर आलं. तिसरी आणि निर्णायक: क्लोरीनला दोन क्लोराइडनी एकेक इलेक्ट्रॉन सोडला की झालं. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी पाण्याच्या दोन रेणूंनी चार इलेक्ट्रॉन सोडायचे, चार हायड्रोजन आयन बाजूला करायचे आणि दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडायचे. इतक्या पायऱ्या, की ती क्रिया मागे पडते. आम्ही टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेले धनाग्र वापरतो. त्यावर क्लोरीन जवळजवळ विनासायास सुटतो.

म्हणून 'संपृक्त' हा शब्द प्रश्नात असतो तो शोभेला नसतो. आमच्याकडे सेलमधून परत येणाऱ्या पाण्यातही लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास मीठ शिल्लक ठेवतात. त्याखाली जाऊ दिलं की क्लोरीनमध्ये ऑक्सिजन वाढतो. चिमूटभर मिठाच्या पाण्यात तर मुख्यतः ऑक्सिजनच येईल.

आणि सोडियमबद्दल एक गंमत. पूर्वी पाऱ्याचे सेल असत. पाऱ्यावर हायड्रोजन इतका रखडतो, आणि सोडियम पाऱ्यात इतका सहज मिसळतो, की चक्क पाण्याच्या द्रावणातून सोडियम पाऱ्यात जमा व्हायचा. मग ते मिश्रण पाण्याशी भिडवून कॉस्टिक सोडा करायचे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ती पद्धत मागे पडली, आता पटलाचे, म्हणजे दोन टोकांमधे पातळ पडदा असलेले, सेल आहेत. पण ताई, मुलाला सांगा की त्याचं 'सोडियम' हे उत्तर अगदी अशक्य नव्हतं. ऋणाग्र पाऱ्याचं हवं होतं.

द्राक्षबाग
रविवार, रात्री ८.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर आमच्या घरी हाच विषय चाललाय.

बागेवरच्या बोर्डो फवारणीसाठी आणलेलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटच, घरात असतंच. मुलगा म्हणाला, करूनच बघू. काचेच्या ग्लासात मोरचुदाचं पाणी केलं, दोन खिळे घेतले आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. पण खिळे पाण्यात सोडले आणि बॅटरी जोडायच्या आधीच दोन्ही खिळे तांबूस झाले! वीज नसताना तांबं कसं बसलं?

फळा_खडू
रविवार, रात्री ९.३०

ताई, प्रयोग फसला नाही, दुसराच झाला. लोखंड −०.४४, तांबं +०.३४. लोखंडाने स्वतःच तांब्याला इलेक्ट्रॉन दिले आणि स्वतः विरघळायला लागलं. याला विस्थापन म्हणतात. म्हणूनच निष्क्रिय कांडी लागते. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घ्या, त्यातलं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच.

एक बजावून सांगतो. घरात मिठाच्या पाण्यात वीज सोडू नका, क्लोरीन बंद खोलीत वाईट. स्टीलचे चमचे कांडी म्हणून वापरू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. भिंतीतल्या प्लगच्या जवळही जायचं नाही, बॅटरीच. मोरचुदाचा ग्लास परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, हात साबणाने धुवायचे.

मोरचुदाआधी हे करा. मेडिकलमध्ये एप्सम सॉल्ट मिळतं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचं पाणी करा, त्यात चिमूटभर हळद ढवळा आणि पेन्सिली सोडा. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे तुम्हाला माहीत आहे. ऋणाग्रापाशी हायड्रॉक्साइड तयार होतं ते हळद दाखवेल. तिथेच थोडा पांढरा गढूळपणाही दिसेल, तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा. थोड्या वेळाने सगळं चांगलं ढवळा आणि काय होतं ते मुलाने मला सांगायचं.

मोरचुदाचं गणितही करून ठेवा. १०० मिलिलिटर पाण्यात अडीच ग्रॅम मोरचूद म्हणजे ०.०१ मोल तांबं. एका तांब्याला दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.०२ मोल इलेक्ट्रॉन. मोलाला ९६,५०० कूलोम धरले तर १,९३० कूलोम. बॅटरीतून ०.२ अँपिअर वाहिला तर सगळं तांबं निघायला ९,६५० सेकंद, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं, तेही प्रत्येक इलेक्ट्रॉन तांब्यालाच गेला तर. चौकोनी बॅटरी बहुधा त्याआधीच संपेल. रंग पूर्ण गेला नाही म्हणून निराश होऊ नका.

रात्रीचा_अभ्यास
रविवार, रात्री १०.१५

मग परीक्षेत झिंक सल्फेटला काय लिहायचं? आणि संपृक्त मिठाला?

फळा_खडू
रविवार, रात्री १०.२५

झिंक सल्फेट: ऋणाग्रावर जस्त, थोडा हायड्रोजन सोबत. धनाग्रावर ऑक्सिजन. संपृक्त मीठ: हायड्रोजन आणि क्लोरीन, भांड्यात उरतो कॉस्टिक सोडा. कारण विचारलं तर 'ओव्हरपोटेन्शियल' हा शब्द लिही आणि त्यापुढे एक वाक्य स्वतःचं लिही. नुसत्या शब्दाला मी कधी पूर्ण मार्क दिले नाहीत.

मुलामा
सोमवार, सकाळी ८.४०

भोसरीत प्लेटिंगचं वर्कशॉप आहे, निकेल-क्रोम. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण ही स्पर्धा मी रोज डोळ्यांनी बघतो.

निकेल −०.२५. आमचा बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, पीएच ४ च्या आसपास, तिथे हायड्रोजनचा आकडा −०.२४. म्हणजे दोघे खांद्याला खांदा लावून उभे. तरीही निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजन मागे राहतो आणि साधारण पंच्याण्णव टक्के करंट निकेलला जातो. उरलेला पाच टक्के हायड्रोजन त्रास देतो. बुडबुडा जॉबला, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूला, चिकटला की तिथे निकेल बसत नाही, पिटिंग होतं. म्हणून बाथमध्ये वेटिंग एजंट घालतो आणि जॉब हलता ठेवतो. हायड्रोजन सुटला की जॉबलगतचा पीएच वाढतो आणि निकेलचं हायड्रॉक्साइड थरात अडकतं. बोरिक ॲसिड असतं ते तो पीएच आवरायला. आणि निकेल क्लोराइड असतं ते निकेलचा ॲनोड नीट विरघळावा म्हणून. नुसत्या सल्फेटमध्ये ॲनोड ऑक्साइडच्या पापुद्र्याखाली सुस्त होतो, आणि मग ॲनोडवर ऑक्सिजन सुटायला लागतो. सर म्हणाले तो तिसरा उमेदवार माघार घेतो असं समजा.

क्रोमचं उलटं. क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये दहा-वीस टक्केच करंट क्रोमला जातो, बाकी सगळा हायड्रोजन. त्या बुडबुड्यांबरोबर ॲसिडचे तुषार वर उडतात, म्हणून टाकीच्या काठाला जोरदार एक्झॉस्ट लागतो आणि मास्कशिवाय कोणाला उभं करत नाही.

आणखी एक, जे पुस्तकात मुलांना कोणी सांगत नाही. सगळाच हायड्रोजन बुडबुडा होऊन बाहेर जात नाही. काही अणू पोलादात शिरतात. कडक पोलादाची स्प्रिंग किंवा बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवला नाही तर तो नंतर लोडखाली अचानक तुटू शकतो. आमच्याकडे बेकिंगची नोंद असल्याशिवाय असा माल बाहेर जात नाही.

द्राक्षबाग
सोमवार, रात्री ९.०५

एप्सम सॉल्टचा प्रयोग झाला. बॅटरीच्या वजा टोकाच्या पेन्सिलीभोवती लाल धूर उतरल्यासारखा दिसला, बुडबुडे भरपूर, आणि पांढरट ढगही. सासूबाईही येऊन बघून गेल्या. ढवळल्यावर लाल रंग गेला, पाणी परत पिवळं. मुलाने सांगितलं, "एका बाजूला आम्ल झालं, दुसऱ्या बाजूला अल्कली, दोन्ही सारखं. ढवळल्यावर एकमेकांना संपवलं. म्हणजे खर्च झालं ते फक्त पाणी." सर, बरोबर आहे का?

मोरचुदाचाही केला. वजा टोकाच्या पेन्सिलीवर तांबं आलं, पण काळपट भुसभुशीत, बोटाला लागतंय. तांब्याच्या भांड्यासारखं चकचकीत नाही. दीड तासात बॅटरी बसली, रंग थोडा फिकट झाला.

मुलामा
सोमवार, रात्री ९.४०

ताई, याला आम्ही बर्निंग म्हणतो. पेन्सिलीचं टोक एवढंसं, त्यावर ९ व्होल्टचा मारा. टोकालगतचं तांबं संपतं, नवं तांबं तिथे पोचेपर्यंत हायड्रोजन सुटतो आणि तांबं पुडीसारखं बसतं. असं करा: प्लस बाजूला पेन्सिलीऐवजी इनॅमल खरवडून साफ केलेली जुन्या मोटरची वाइंडिंगची जाड तार गुंडाळी करून लावा, मायनसला दुसरी पेन्सिल, लांबीला चिरून शिसं जास्तीत जास्त उघडं केलेली. आणि दीड व्होल्टचा एकच सेल. एका बाजूला तांबं सुटतं आणि दुसरीकडे तेच बसतं, त्यामुळे मोठ्या व्होल्टेजची गरजच नाही. सावकाश होऊ द्या.

फळा_खडू
सोमवार, रात्री १०.००

मुलाचं उत्तर अचूक आहे, शब्द न शब्द.

आता त्याला माझ्याकडून एक. एका भांड्यात सिल्व्हर नायट्रेट, कॉपर नायट्रेट आणि मॅग्नेशियम नायट्रेट, तिन्ही सारख्या प्रमाणात. ग्रॅफाइटच्या कांड्या. वीज हळूहळू सोडत राहायचं. क्रमाने काय काय होईल?

द्राक्षबाग
मंगळवार, रात्री ८.२०

आधी तांब्याचं: मुलामा दादा, या वेळी गुलाबीसर, घट्ट बसलेलं तांबं आलं. पेन्सिल त्याने दप्तरात ठेवलीये, शाळेत दाखवायला.

सरांच्या प्रश्नाचं त्याचं उत्तर: आधी चांदी, ती संपत आली की तांबं, दोन्ही संपले की हायड्रोजन. मॅग्नेशियम धातू कधीच नाही. धनाग्रावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑक्सिजन. आणि शेवटी ऋणाग्राशी हळदीच्या वेळी दिसला तसा पांढरा ढग येईल.

फळा_खडू
मंगळवार, रात्री ८.४५

शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. पांढऱ्या ढगाचा परत विचार करायला सांगा. चांदी आणि तांबं बसत होतं तोवर धनाग्रावर काय तयार होत होतं?

द्राक्षबाग
मंगळवार, रात्री ९.३०

त्याने वहीत लिहिलेलं तसंच उतरवते: "धनाग्रावर ऑक्सिजनबरोबर आम्ल तयार होत होतं. एप्सम सॉल्टच्या वेळी ऋणाग्रावर तेवढंच हायड्रॉक्साइड होत होतं. इथे चांदी आणि तांबं बसताना ऋणाग्रावर हायड्रॉक्साइड झालंच नाही, म्हणून सगळं आम्ल भांड्यात साठलं. हायड्रोजन सुटायची वेळ येईपर्यंत ते नायट्रिक आम्ल झालंय. आम्लात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड टिकणार नाही. ढग येणार नाही."